जाड दोरा, काळा किंवा तांबडा

बासरीवाल्याला लोक कृष्ण देतात. सोमशेखर मास्तरांच्या काचेच्या कपाटात असे तेवीस कृष्ण होते. उभे, रांगते, गायीला टेकलेले, आणि एक तर घड्याळाच्या पोटात बसून स्वतःच्या बासरीनं मिनिटं दाखवणारा. शिवाय मोरपिसं डकवलेल्या बासऱ्या, बासरीच्या आकाराचं पेन, बासरीच्या आकाराची किल्ल्यांची साखळी. मंगळवार पेठेतल्या त्या दोन खोल्यांत चाळीस वर्षं बासरीचा क्लास चालला आणि दर दिवाळीच्या पाडव्याला शिष्यमंडळी हातात काही ना काही घेऊन आली. मास्तर मुलीला, शांभवीला म्हणायचे, "आपण लिंगायत, आणि कपाटात सगळं गोकुळ. तुझ्या आजीनं बघितलं असतं तर मला उंबऱ्याबाहेर जेवायला वाढलं असतं."

शेवटी सहासात वर्षांपूर्वी वैतागून त्यांनी एक कागद लिहिला आणि कपाटाच्या दाराला चिकटवला. वर लिहिलं होतं, 'पाडव्याला काही आणायचंच असेल तर'. खाली शिंप्याकडचा जाड दोरा, काळा किंवा तांबडा. जुन्या धोतराचं मऊ फडकं. बदामाचं तेल, बाटली लहान, मोठी आणू नये, खवट होते. मधमाशीचं मेण सुपारीएवढं. पेन्सिल, मागे रबर असलेली. आणि अगदी शेवटी, 'यातलं काहीच जमलं नाही तर वेळेवर यावे'. शिष्यांनी कागद वाचला, एकमेकांना वाचून दाखवला, हसले, आणि पुढच्या पाडव्याला आणखी दोन कृष्ण घेऊन आले.

शांभवीनंही तो विनोद म्हणूनच वाचला होता. गेल्या दिवाळीत तिनं सांगलीहून चांदीचा मुलामा दिलेली वीतभर बासरी आणली होती, निळ्या मखमलीच्या डबीत. अप्पांनी ती ओठांना लावून बघितली. तिला भोकंच नव्हती, नुसते खड्डे होते. "छान आहे," अप्पा म्हणाले आणि डबी कृष्णांच्या रांगेत ठेवून दिली.

हे तिला आता दिवसातून दहा वेळा आठवत होतं.

गणपती उठले त्या आठवड्यात अप्पांना झटका आला. उजवा हात गेला, उजवा पाय गेला, तोंडाची उजवी कड खाली ओघळली आणि बोलणं गेलं. बोलणं गेलं म्हणजे एक शब्द सोडून सगळं गेलं. अप्पांचं लहानपण सीमेपलीकडच्या गावात गेलेलं. आईशी ते कानडीत बोलत. आई गेली आणि घरातली कानडीही तिच्याबरोबर गेली, त्याला चाळीस वर्षं होत आली. पण मेंदूच्या कुठल्या कोपऱ्यात ती दबा धरून बसली होती कोण जाणे. चाळीस वर्षं मराठीतून शिकवलेल्या माणसाकडं आता एकच शब्द होता, "ब्याड". नको.

औषध, ब्याड. उशी, ब्याड. भाताची पेज, ब्याड. पुढं पुढं तर ते शब्दही वाया घालवेनात. चमचा जवळ आला की ओठ मिटून घेत.

"गिळता येतंय त्यांना," डॉक्टर म्हणाले. "मी स्वतः तपासलंय. ते खात नाहीत, कारण त्यांना खायचं नाही. सलाईनवर किती दिवस काढणार? दिवाळी होऊ द्या. भाऊबीजेला सकाळी आणा, नाकातून नळी घालू."

शांभवीनं मान हलवली. रिक्षात बसेपर्यंत तिला काही वाटलं नाही. मग महाद्वार रोडवर आकाशकंदिलांच्या गर्दीत रिक्षा अडकली, तेव्हा तिला अव्वा, तिची आई, आठवली. अव्वाच्या शेवटच्या महिन्यात तिच्या नाकात तशीच नळी होती, आणि ती काढून टाकू नये म्हणून तिचे हात कॉटला बांधले होते. वॉर्डाबाहेरच्या बाकावर अप्पा म्हणाले होते, "माझ्या नाकात असलं काही घालू देऊ नकोस. शब्द दे." तिनं दिला होता. आता आठ दिवसांत एक तर शब्द मोडायचा, नाही तर बापाला उपाशी मरताना बघायचं. तिसरं काही असेल तर ते तिला दिसत नव्हतं.

कॉलेजच्या ग्रंथालयातून तिनं बिनपगारी रजा वाढवून घेतली. दिवसा सोबतीला झुंबरबाई येत, कळंब्याहून, सकाळच्या पहिल्या बसनं. पंचावन्न वर्षांच्या, हाडापेरानं दणकट, आणि आजारी माणसाशी हळू आवाजात बोलायचं असतं यावर काडीचा विश्वास नसलेल्या.

"मास्तर, उघडा तोंड. उघडा म्हंते न्हवं. आमच्या दारात जेल हाय, हजार माणूस हाय आत, पर तुमच्यावानी हट्टी एक न्हाय."

अप्पा भिंतीकडं बघत राहिले.

"बघा की ताई. मी काय इख घालायलेय व्हय?"

त्याच दिवशी दुपारी शांभवी ओल्या फडक्यानं अप्पांचे ओठ पुसत होती. त्यांचा डावा हात चादरीवर होता. बघता बघता त्या हाताची अनामिका उचलली गेली. मग मधलं बोट. मग दोन्ही खाली आली, आधी मधलं, मग अनामिका. ती फडकं हातात धरून तशीच थांबली. सा, रे, ग. ग, रे, सा. ती स्वतः कधी शिकली नव्हती. लहानपणी बोटं पुरत नव्हती म्हणून अप्पा थांब म्हणाले, आणि बोटं पुरायला लागली तेव्हा तिचीच हौस उरली नव्हती. पण तीस वर्षं भिंतीपलीकडून ऐकलेलं कुठं जातं? वरची तीन भोकं डाव्या हाताची. तिन्ही बंद म्हणजे सा. उजवा हात लागतो तो त्याच्या खालच्या सुरांना. म्हणजे डावा हात शाबूत असेल तर सा, रे, ग, म एवढं माणसाजवळ उरतं.

"तो नुसता स्नायूंचा चाळा असू शकतो," डॉक्टर फोनवर म्हणाले. असेल. तिनं फोन ठेवला आणि खुंटीवरची पिशवी काढली.

मोठी बासरी. पाऊण मीटर लांब, आसामच्या बांबूची, अप्पांच्या गुरूंनी दिलेली, मधाच्या रंगाची झालेली. त्यांनी इतर बासऱ्या शिष्यांना वाटल्या, ही कुणाच्या हाती दिली नाही. तिनं ती अप्पांच्या ओठांशी धरली. अप्पांची नजर भिंतीवरून निघाली आणि बासरीवर आली. डावा हात आपणहून वर आला, भोकांवर बसला. पण लांबचं टोक पेलायला उजवा हात नव्हता. शांभवीनं ते धरलं तर तिचाच हात थरथरत होता. बासरी गरकन फिरली, फुंकायचं भोक गालाकडं गेलं. दुसऱ्यांदाही तेच. तिसऱ्यांदा अप्पांनी हात काढून घेतला आणि म्हणाले, "ब्याड."

त्या दिवसानंतर शांभवीला दुसरं काही सुचेना. हात थरथरतात, लोखंड थरथरत नाही. पाडव्याला अप्पांना काय द्यायचं ते तिला कळलं होतं. आयुष्यात पहिल्यांदा उपयोगाची वस्तू.

शिवाजी उद्यमनगरात निम्मी शटरं खाली होती. कारागीर दिवाळीसाठी गावी गेलेले. लेथवर एकटा जोतीराम होता, साठीचा, चष्म्याची एक काडी तारेनं बांधलेली.

"काय धरायचं म्हंता?"

"बासरी."

जोतीरामनं मशीन बंद केलं. "ताई, मी चाळीस वर्षं पंप धरतोय, मोटारी धरतोय. एकदा जत्रंतला पाळणा धरला. बासरीनं काय गुन्हा केलाय?"

तिनं चार वाक्यांत सांगितलं. तो ऐकताना हात पुसत राहिला.

"मास्तर म्हंजे मंगळवारातलं? आमचा थोरला जायचा की. रोज घरी येऊन एकच सांगायचा, बासरी धरायची न्हाय, टेकवायची. तिसऱ्या म्हयन्यात टेकवली त्यानं. भिंतीला. आता पोल्ट्री काढलीया."

खरंच, अप्पांचं पहिलं वाक्य तेच असे. नवा शिष्य आला की महिनाभर तेच. धरू नकोस, टेकव. अंगठ्यावर टेकव, हनुवटीखाली टेकव, ती पळून जात नाही. भिंतीपलीकडं गृहपाठ करताना शांभवीनं ते हजारदा ऐकलं असेल.

जोतीरामनं सलाईनच्या जुन्या स्टँडचा पाय घेतला, त्यावर आडवा हात बसवला, हाताच्या टोकाला दोन जबडे, आतून रबर लावलेले, बाहेरून बोटांनी पिळायचा नट. तिनं बरोबर आणलेल्या एका साध्या बासरीवर करून बघितलं. बासरी जबड्यात बसली, पण बोट लावलं की जराशी फिरे.

"हे घट्ट करा."

"ताई, लोखंड असतं तर बघितलंच नसतं. ह्यो बांबू हाय. जरा सैल ऱ्हाऊ द्या की."

"सैल नको. केसभर फिरली तरी फुंकर चुकते."

"घट्ट म्हंजे किती?"

"हलता कामा नये."

जोतीरामनं एकदा तिच्याकडं बघितलं. जबड्यांचे आटे त्यानं आणखी आत घेतले.

घरी येऊन तिनं कपाटाच्या दारावरचा कागद मोबाइलवर टिपला आणि क्लासच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, 'यंदा कृपा करून कृष्ण नको. यादीतलं आणा. मास्तर वाट बघताहेत.' शेवटचं वाक्य खोटं होतं. ते टाकल्यावर तिला बरं वाटलं, म्हणून तिनं ते खोडलं नाही.

नरक चतुर्दशीला या घरात पहिली आंघोळ बासऱ्यांची असे. उजाडायच्या आत अप्पा सगळ्या बासऱ्या सतरंजीवर मांडत, बांबूच्या कामट्यांना फडकं गुंडाळून आतून तेल फिरवत, बाहेरून चोळत, आणि मग स्वतः उटणं लावायला बसत. यंदा शांभवीनं सतरंजी त्यांच्या कॉटसमोर अंथरली. त्यांना उशांना टेकवून बसवलं. तेल कोमट केलं. मोठ्या बासरीच्या आतून फडकं फिरताना बारीक हुंकारासारखा आवाज येत होता. अप्पा बघत होते. भिंतीकडं नाही, बासरीकडं. तिनं तेवढ्यावर आशा बांधली. माणूस अशा वेळी किती थोड्यावर बांधतो, ते नंतर कळतं.

झुंबरबाईंनी वाटीत दूध आणलं. ओठ मिटले.

लक्ष्मीपूजनाच्या दिवशी दुपारी तिनं स्टँड कॉटजवळ आणला. झुंबरबाई दारात उभ्या होत्या. "ह्यो तर फाशीचा खांब दिसायलाय," त्या म्हणाल्या, आणि शांभवीचा चेहरा बघून, "म्हंजे मजबूत हाय म्हंते मी."

तिनं मोठी बासरी जबड्यांत बसवली. उंची जमवली, भोक ओठांशी आणलं. अप्पांनी डावा हात उचलला. बोटं भोकांवर आली. तिनं श्वास धरला. अप्पांनी फुंकर मारली, म्हणजे मारायला गेले, आणि बासरी तेलकट होती म्हणून हातभर लांबच्या टोकाशी किंचित फिरली.

"थांबा अप्पा. एकच मिनिट."

तिनं नट पिळला. बासरी अजून हलत होती. तिनं आणखी पिळला, दोन बोटांनी नाही, मुठीनं.

टक्.

सुपारी फोडावी एवढा आवाज. खालच्या टोकापासून शेवटच्या भोकापर्यंत, चार बोटं, सरळ रेषेत बांबू उकलला होता.

तिनं अप्पांकडं बघितलं नाही. बघायची गरज नव्हती. चाळीस वर्षं बांबूच ऐकलेल्या माणसाला तो आवाज काय आहे हे सांगावं लागणार नव्हतं. तिनं नट सैल केला, बासरी काढली, चादरीवर ठेवली आणि स्वयंपाकघरात गेली. पूजेसाठी काढलेल्या लाह्याबत्ताशांचं ताट ओट्यावर होतं. ती ओट्याला पाठ लावून खाली बसली. बाहेर कुणीतरी लवंगी माळ लावली होती, ती संपायचं नाव घेईना. परवा सकाळी नळी. आणि त्याआधी त्यांच्या उशाशी फुटलेली बासरी. तीही तिच्याच मुठीनं. टेकव म्हणाले होते. तीस वर्षं म्हणत होते.

तिनं उदयसिंहला फोन लावला. शिरोळला त्याची दूध डेअरी होती. पंचवीस वर्षांपूर्वी क्लासला आला तो आजवर येत होता, दर रविवारी, दुधाच्या गाडीतून.

"बांधता येते ताई," तो म्हणाला. पाठीमागं पूजेची घाई ऐकू येत होती. "मेण लावलेल्या दोऱ्यानं. पण लगेच बांधावी लागते, तडा पुढं सरकला की संपलं. मी निघू का? दीडदोन तास लागतील, आज रस्त्याला गर्दी."

"मला सांग कसं बांधायचं."

"सांगून येत न्हाय ओ ते. आम्हाला मास्तरांनी हाताला धरून..." तो थांबला. मग म्हणाला, "मास्तर हायत की घरात."

ती उठली. पिशवीतून काळ्या दोऱ्याचं रीळ काढलं, मेणाचा गोळा काढला. यादीतलं सगळं तिनं आणून ठेवलं होतं, काहीही उपयोग नसताना, जसं लोक नवस फेडायच्या वस्तू आणतात तसं. कॉटजवळ स्टूल ओढून बसली. अप्पांचे डोळे मिटलेले होते. डोळ्यांच्या कडेनं पाणी कानात उतरलं होतं.

"अप्पा," ती म्हणाली. "माझ्या हातून फुटली. मला बांधता येत नाही. शिकवा."

डोळे उघडले नाहीत.

तिनं दोरा मेणावरून ओढला. बासरीच्या टोकाला एक वेढा घातला, दुसरा घातला. तिसरा पहिल्यावर चढला. ती सोडवून पुन्हा घालू लागली. दोरा तडा धरेना, नुसता तिथं लोळत होता.

"ब्याड."

डोळे उघडे होते. डावा हात चादरीवरून उठला आणि हवेत फिरला, पोळी लाटताना लाटणं फिरतं तसा. तिला कळेना. पुन्हा फिरला. मग तिला आठवलं, लहानपणी दाराच्या फटीतून बघितलेलं. अप्पा दोरा फिरवत नसत. दोरा ताणून एका जागी धरत आणि बासरी फिरवत.

तिनं बासरी मांडीवर आडवी घेतली, दोन्ही तळव्यांनी फिरवायला लागली. पण मग दोरा कोण ताणणार? रिळाचं टोक तिनं पायाच्या अंगठ्यात धरलं, सुटलं. गुडघ्याखाली दाबलं, सुटलं. उशीखाली दाबलं. तेही सुटलं.

अप्पांचा डावा हात पुढं आला. त्यांनी दोरा दोन बोटांत धरला, बघितला, मेण पुरेसं आहे का ते अंगठ्यानं चाचपलं. मग तोंड उघडलं आणि दोरा दातांत धरला.

चाळीस वर्षं ते तसाच धरत आले होते. दोरा दातांत, बासरी हातात. त्यांचे पुढचे दोन दात त्यानं थोडे झिजलेलेही होते.

ती हलली नाही. दारात झुंबरबाईंच्या हातातली वाटी हलली नाही. मग अप्पांनी हनुवटीनं खूण केली, फिरव.

ती फिरवू लागली. दोरा त्यांच्या दातांपासून बासरीपर्यंत तारेसारखा ताणला होता. सैल पडला की अप्पा मान मागं घेत, फार ताणला की पुढं आणत. वेढ्याला वेढा चिकटून बसत गेला. उजव्या कडेनं लाळ ओघळत होती, ती पुसायला तिच्याकडं हात नव्हता आणि त्यांना पर्वा नव्हती. शेवटी टोक आत ओढून घ्यायचं ते त्यांनी एका बोटानं दाखवलं, तिचं चुकलं, पुन्हा दाखवलं. पहिला बंध बसला. मग मध्ये दुसरा. मग शेवटच्या भोकाच्या खाली तिसरा. बाहेर अंधारत आलं होतं आणि घरोघरी पूजा मांडत होते. यांच्या घरात दिवा लावायचाच राहिला होता.

तिसरा बंध झाल्यावर अप्पांनी दात सोडले. तोंड तसंच जरा उघडं राहिलं होतं, दमून. झुंबरबाई दोन ढांगांत पुढं आल्या आणि त्यांनी त्यात दुधाचा चमचा रिकामा केला.

अप्पांनी गिळला. मग त्यांच्याकडं असं बघितलं की दुसरी बाई असती तर पळाली असती.

"बघू नगा तसं," झुंबरबाई म्हणाल्या. "मजुरी हाय ती."

दुसरा चमचा त्यांनी घेतला नाही. शांभवीला त्या रात्री झोप लागली नाही ती या एका चमच्यापायी. एक चमचा म्हणजे काहीच नव्हतं. आणि तोही चोरून घातलेला होता.

पाडव्याच्या सकाळी तिनं अप्पांना न्हाऊ घातलं, कपाळाला विभूती लावली, धुतलेला सदरा घातला. मग ताम्हनात निरांजन घेऊन ओवाळलं. पाडव्याला मुलगी बापाला ओवाळते, आणि बापानं ताटात ओवाळणी घालायची असते. दर वर्षी अप्पा खिसे चाचपण्याचं नाटक करत, हरवलं म्हणत, आणि मग तिच्या कानामागून काढल्यासारखं काढून देत. तिनं ताम्हन खाली घेतलं. अप्पांचा डावा हात उशीशी गेला. कालचं काळं रीळ तिथंच होतं, अर्ध्याहून जास्त संपलेलं. ते त्यांनी ताम्हनात ठेवलं. निरांजनाच्या अगदी जवळ, म्हणून तिनं ते घाईनं उचललं आणि मुठीत धरलं.

दहाला शिष्यमंडळी आली. वीसेक जण. चपलांचा ढीग जिन्यापर्यंत. आणि प्रत्येकाच्या हातात दोरा होता. काळा, तांबडा, काहींनी दोन्ही. बदामाच्या तेलाच्या अकरा बाटल्या, सगळ्या लहान. मेण एवढं की देवळाला पुरलं असतं. अप्पांच्या मांडीवर रिळांचा ढीग झाला. एका काकूंनी दोऱ्याबरोबर एक छोटा कृष्णही आणला होता, आणि तो पदराखाली लपवावा की द्यावा हे त्यांना ठरवता येत नव्हतं. शिष्य हसले.

"वेळेवर आलो, मास्तर," उदयसिंह म्हणाला. "पंचवीस वर्षांत पयल्यांदा."

स्टँडच्या जबड्यांत या वेळी शांभवीनं धोतराचं फडकं ठेवलं होतं आणि नट काढूनच टाकला होता. बासरी नुसती टेकली होती. भोक ओठांशी होतं. अप्पांची डावी बोटं बसली. तोंडाची उजवी कड उघडी राहत होती, तिथून वारा जाणार हे दिसत होतं. शांभवीनं आपला अंगठा तिथं लावला, हलकेच.

अप्पांनी फुंकलं.

वारा आला. नुसता वारा. पुन्हा फुंकलं, पुन्हा वारा. त्यांनी ओठ हलवले, भोक शोधलं, फुंकलं. कपाळावरची विभूती घामानं ओघळली. नवव्या की दहाव्या वेळी एक बारीक शिट्टीसारखं काही झालं आणि विझलं. त्यानंतर तेही नाही.

अप्पांनी बोटं उचलली. शांभवीचा अंगठा अजून त्यांच्या ओठाच्या कडेला होता. सूर येणार नाही. आजही नाही, आणि कधीच नाही, हे तिला त्या अंगठ्याखाली कळलं, आणि त्यांनाही ते तिथंच कळलं असणार. ती त्या शब्दाची वाट बघत राहिली.

शब्द आला नाही. अप्पांनी बासरी फडक्यावरून उचलली, एका हातानं, वाकडी तिकडी, आणि उदयसिंहपुढं धरली. ती बासरी त्यांनी कधी कुणाला दिली नव्हती. उदयसिंहनं हात पँटला पुसले.

"मी?"

हनुवटीनं खूण. वाजव.

त्यानं बासरी ओठांना लावली आणि खालचा पंचम धरला, सगळी भोकं बंद करून, तड्यावरून सूर जावा म्हणून. अप्पांनी डोळे मिटले, मान बंधांकडं कलती केली. सूर भरून आला. कुठं फाटला नाही, कुठं फुरफुरला नाही. तीन बंधांखाली तडा गप्प बसला होता. अप्पांनी डोळे उघडून शांभवीकडं बघितलं, फार वेळ नाही, शिष्याचं काम बरं झालं की बघत तेवढंच.

उदयसिंह वर सरकला. सा, रे, ग. अप्पांचं बोट उठलं आणि वरून खाली आलं. ग चढा लागतोय. उदयसिंहनं खाली घेतला. बोट पुन्हा खाली आलं. आणखी.

"झालं सुरू," उदयसिंह बासरी काढून म्हणाला. त्याचे डोळे भरले होते. "पंचवीस वर्षं माझा ग चढाच हाय, मास्तर."

बोटानं पुन्हा फर्मावलं. तो पुन्हा वाजवू लागला.

शांभवी तांदळाची खीर घेऊन आली तेव्हा अप्पा ऐकण्यात होते. तिनं चमचा जवळ नेला आणि थांबली. चोरून घालायचा नव्हता. तिनं तो नुसता हनुवटीखाली धरला.

अप्पांनी चमच्याकडं बघितलं. तिच्या मुठीतल्या रिळाकडं बघितलं, जे तिनं सकाळपासून सोडलं नव्हतं. मग उदयसिंहच्या ग वर बोट खाली करत करत तोंड उघडलं.

एक चमचा. दुसरा. मध्ये बोट. तिसरा, चौथा. सहावा अर्धा सांडला. आठव्याला त्यांनी मान बाजूला घेतली, आणि ओठ जुळवायला बराच वेळ लावून म्हणाले, "साकु."

झुंबरबाई पदराला हात पुसत पुढं आल्या. "ह्ये काय नवीन? काय म्हंत्यात?"

तो शब्द शांभवीनं आजीच्या तोंडून ऐकला होता, फार लहान असताना, पानावर आडवा हात धरून म्हटलेला.

"पुरे म्हणतात," ती म्हणाली.